थंड लादी

चार दिवस झाले, लेक आईच्या नजरेला नजर देत नव्हता. कामावरून यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. विचारलं तर म्हणे, डोकं दुखतंय. प्रयोगशाळेत बसणाऱ्या माणसाचं डोकं दुखायला आधी ते वापरावं लागतं, असं तिने शेजारणीलाही ऐकवलं होतं.

पाचव्या दिवशी तिचा धाकटा भाऊ आला. तीस वर्षं रस्त्यावर रोलर चालवणारा माणूस, पण खुर्चीवर बसेना, दाराशीच उभा राहिला. नव्या रस्त्याला सिग्नलपाशी चाकोऱ्या पडल्या होत्या, आणि रोलरच्या फेऱ्या कमी मारल्या असा प्रयोगशाळेचा अहवाल आला म्हणून त्याला कामावरून काढायचं ठरलं होतं.

"अहवालाखाली सही आपल्या पोराची आहे, ताई," एवढंच तो म्हणाला.

आईने चपला पायात सरकवल्या आणि थेट सिग्नल गाठला. शाळा तिने दुसरीतच सोडली होती, पण तापलेलं डांबर वीस वर्षं पसरलं होतं. रस्त्याकडेला बसून तिने चाकोरीत हात घातला. चार बोटं खोल. आणि दोन्ही कडांना वरंबे उठलेले. रोलर कमी फिरला असता तर रस्ता नुसता दबला असता. हा तर चाकाखालून मळलेल्या पिठासारखा बाजूला सरकला होता. म्हणजे माल मऊ. मग तो पास कोणी केला?

लेक घरात शिरताच तिने दाराला कडी घातली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रयोगशाळेत डांबराच्या लादीवरून चाक हजारो वेळा पुढेमागे फिरवतात आणि किती रुतलं ते मोजतात. लादी उन्हातल्या रस्त्याइतकी तापवून घ्यायची असते. तापवायची पेटी बिघडलेली, साहेबाला घाई. याने थंड लादीवरच चाक फिरवलं. लादी दगडासारखी राहिली, माल पास झाला. रस्ता खचल्यावर आपली चूक सांगायची की दुसऱ्याची दाखवायची, एवढंच उरलं होतं.

"मामाची नोकरी दोनच वर्षं राहिलीय," तो पुटपुटला. "माझी सगळीच पडलीय अजून."

आईने कडी काढली आणि दार सताड उघडलं.

"थंड लादीवर चाक फिरवलंस, ती चूक. ती मी पोटात घातली असती. मामाच्या माथी मारलीस, ती हरामखोरी. सकाळी आधी त्याच्या दारात जा, मग साहेबाच्या. नोकरी जाईल, जाऊ दे. फावडं धरायला मी शिकवीन."