श्रावणातला जिताडा

बॅप्टिस्ट बॅग भरत होता आणि मी भांडी घासत होते. मी चिडले की घासलेलीच भांडी परत घासते.

मी वसुंधरा, वय चौसष्ट, नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. बॅप्टिस्ट माझ्याच शाळेत विज्ञान शिकवायचा. रिटायर झाल्यावर त्याची बायको गेली, आणि गेल्या गणपतीनंतर तो माझ्याकडे राहायला आला. लग्न का नाही केलं, म्हणून लोक विचारतात. केलं होतं की, दोघांनीही, एकेकदा. पुरे झालं.

पण आमच्या वसईच्या सोसायटीच्या पोटात दुखलं. सेक्रेटरी परेशनं बोर्डावर नोटीस लावली: रविवारी अकरा वाजता सभा, विषय ‘फ्लॅटमध्ये राहणारी बिगर-कुटुंबीय व्यक्ती’. बॅप्टिस्ट म्हणाला, "तुला चारचौघांत कोणी बोललेलं मला नाही चालणार. मी गास गावाला भावाकडे जातो." या माणसाच्या चांगुलपणाचाच मला राग येतो. तो गेला असता तर मी पुन्हा टीव्हीशी गप्पा मारत जेवले असते, एवढंही त्याला कळत नव्हतं.

रविवारी गेटपाशी खुर्च्या मांडल्या. श्रावण चालू, त्यामुळे सगळे गंध लावून अगदी सोवळे. नेमकी तेव्हाच अर्नाळ्याची मेरी मासळीची टोपली घेऊन आली. श्रावणात आमच्या बिल्डिंगमध्ये तिचं उघड गिऱ्हाईक एकच, बॅप्टिस्ट.

"सभा कसली?" तिनं विचारलं. परेशनं संस्कृती, लहान मुलांवर परिणाम, सगळं सांगितलं. मेरीनं टोपलीतला हातभर जिताडा उचलला.

"हा बघ, सेक्रेटरी. आमचे बॅप्टिस्ट सर सांगतात, हा आधी नर असतो. काही वर्षांनी मादी होतो, मग अंडी घालतो. खाडीत कोनी नोटीस लावली नाय."

मागे कोणीतरी हसलं. परेश म्हणाला, "मावशी, माशांचं वेगळं, माणसांचं वेगळं."

"असेल. वीस वर्षं मी इथं येते. पुढच्या गेटानं, मागच्या गेटानं. कोन काय घेतो, कोनत्या महिन्यात घेतो, काळ्या पिशवीत घेतो, सगळं मला ठाऊक हाय. कधी बोलले?" तिनं एकेकाच्या तोंडाकडे शांतपणे पाहिलं. "बोलनार पन नाय. ज्याचं घर त्याचं."

खुर्च्या करकरल्या. परेशनं कागद घडी करून खिशात घातला. "तर पहिला विषय," तो म्हणाला, "पाण्याची टाकी." टाकी धुवायचा ठराव एकमतानं पास झाला. नोटिशीतला विषय निघालाच नाही.

मेरीकडून तो जिताडा घेऊन मी गुडघेदुखी विसरून जिने चढले. बॅप्टिस्ट बॅगेवर बसून होता.

"काय ठरलं?"

"टाकी धुवायची ठरली. बॅग उघड आणि नारळ खवून दे."

तो असा हसला की मला रडूच आलं, इतकी मी खूश होते.

एक वाजता बेल वाजली. दारात परेश, कपाळाला गंध, हात पाठीमागे. त्या हातात स्टीलचा डबा.

"काकी, रस्सा जास्त झाला असेल तर... फक्त बायकोला कळता कामा नये."

माझ्या ओठांवर दहा उत्तरं आली होती. पण बॅप्टिस्टनं डबा घेतला, डोक्याकडचा मोठा तुकडा त्यात घातला, वर रस्सा ओतला आणि झाकण गच्च लावलं.

"आम्ही कशाला सांगू?" मी म्हणाले. "तुझं घर, तू बघ."