ओबदुलियाच्या शेवरोलेचा दुसरा गिअर

कार्देनासच्या त्या गल्लीत ओबदुलियाची त्रेपन्न सालची शेवरोले म्हणजे तिचं नाक. नवरा एवारिस्तो गेल्यापासून येईल त्याला ती ऐकवायची, "जहाजातून उतरली तशी आहे. एक स्क्रू बदललेला नाही." तीच गाडी आता मातान्सासच्या चढावर दुसरा गिअर सोडू लागली. जावई योआंद्री तिच्यातूनच प्रवासी वाहायचा. गाडी बसली की घर बसलं.

सामान हातात आल्याशिवाय मेकॅनिक गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेत नसे. खोलून ठेवलेल्या गाड्यांत कोंबड्या अंडी घालताना त्यानं पाहिल्या होत्या. म्हणून गिअरबॉक्स न उघडताच सासू-जावई जुने सुटे भाग विकणाऱ्या नारसिसोच्या ओसरीत पोचले. बदल्यात द्यायला ओबदुलियानं आपलं शिलाई मशीन आणलं होतं. एकदा दिलेला माल नारसिसो परत घेत नसे.

"हे दुसऱ्या गिअरचं चाक त्रेपन्नच्या शेवरोलेचं," नारसिसो म्हणाला. "तुमच्या ओरिजिनल गाडीला दुसरं चालायचंच नाही."

"चकाकतंय बघा, सासूबाई!" योआंद्रीनं ते उचललंसुद्धा.

"चकाकतं तर नारसिसोचं टक्कलही," ती म्हणाली.

ब्याण्णव साली गाडीचं काही म्हणता काही मिळत नव्हतं. गल्ली बेसबॉलच्या सामन्याला गेलेली बघून एवारिस्तोनं रशियन वोल्गाचा अख्खा गिअरबॉक्स घरात आणला, आणि तिनंच तो स्वयंपाकघरात घासलेटनं धुतला. त्याच्या चाकांवर कोरलेलं रशियन अक्षर, इंग्रजी आर उलटा काढावा तसं, तिला अजून आठवत होतं. हे चाक घेतलं तर नाक राहणार होतं, पण मशीन जाणार आणि गाडीही दारात उभी राहणार.

"ठेव ते खाली," ती म्हणाली. "नारसिसो, वोल्गाची दाखव."

"वोल्गाची? सासूबाई, ऊन लागलं का?"

"ऊन तुझ्या सासऱ्याला लागलं होतं. आपल्या गाडीच्या पोटात वोल्गा आहे. मीट तोंड, माशी जाईल."

नारसिसोनं उलट्या आरची दोन चाकं काढली, एक लखलखीत, एक काळं. तिनं दोन्हींच्या दातांवरून नख फिरवलं. "या गोऱ्याला कानस मारलीय. वरचं कडक कातडं गेलं, महिन्यात बोळकं होईल. काळं दे. आणि याच्याशी फिरणारं दुसरं चाक कुठंय?"

"लोक एकच नेतात, ओबदुलियाबाई."

"नेतात आणि बोंबलत येतात. ज्याच्याशी झिजलंय त्याच्याशीच दात जुळतात. काढ जोडी, नाहीतर माझं मशीन मी घरी नेते."

नारसिसो कुरकुरत आत गेला आणि जोडी घेऊन आला.

सोमवारी मेकॅनिकनं गिअरबॉक्स खोलला. आत उलटा आर होता. जोडी बसली.

पहिल्याच फेरीला ओबदुलिया पुढच्या सीटवर बसली. चढ आला, दुसरा गिअर पडला आणि टिकला. मागच्या प्रवाशानं विचारलं, "गाडी ओरिजिनल का?"

"जहाजातून उतरली तशी," योआंद्री सासूकडे न बघता म्हणाला.

"गिअरबॉक्स सोडून," ओबदुलिया म्हणाली. "तो रशियन आहे. आणि तू रस्त्याकडे बघ."