जांभळ्यात हिरवी झाक

ताई गेल्यापासून आई तिचा स्वेटर दर रविवारी मशीनला लावायची. तो मळलेला नसायचा; अंगात घालणारं कुणी उरलेलं नव्हतं. पण दवाखान्यात जाण्याआधी ताई बोलली होती, ‘धुऊन ठेव, आल्यावर घालीन,’ आणि आईच्या हातांनी ते अजून ऐकणं सोडलेलं नव्हतं.

त्या रंगाचा दुसरा कपडा कुठेच नाही. ताई धाग्यांच्या कारखान्यात होती. तिथे एकदा नकली लोकरीचा रंग बिघडला, जांभळ्यात हिरवी झाक उतरली. सगळा माल भट्टीत गेला. थोडी लोकर ताईने मागून आणली आणि स्वतःसाठी विणली.

मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहे. नळाचं पाणी बारीक कागदातून गाळायचं आणि तो कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, हे माझं काम. कपड्यांचे तंतू रोजच दिसतात, निळे, काळे, कुणाच्या बाह्यांचे, कुणाच्या गुडघ्यांचे. धुण्याच्या पाण्याबरोबर नाल्यात, नाल्यातून नदीत, नदीतून पुन्हा आमच्याकडे. एका दुपारी त्या गर्दीत एक तंतू वाकून पडला होता, कुशीवर निजल्यासारखा. जांभळा. दिवा हलवला, तशी त्याच्या कडेने हिरवी झाक उजळली.

घरी येऊन स्वेटर उजेडात धरला. कोपरांतून पलीकडची खिडकी दिसत होती.

"आई, हा धुणं बंद कर."

"का? तुझं मशीन झिजतं?"

"स्वेटर झिजतोय. त्याचे तंतू नळाला येतात. आज एक पाहिला मी."

आईचे हात थांबले. "आपल्या पण नळाला?"

"आपल्याकडे गाळणयंत्र आहे ना. त्यात अडकतात."

स्वेटरची घडी घालून तिने कपाटाला कुलूप लावलं. मला वाटलं, सुटलो.

धुणं थांबलं, तंतू थांबले नाहीत. नमुन्यामागून नमुन्यात एखादा सापडायचा, तसाच, कुशीवर.

मग एके दिवशी घरी आलो, तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर स्क्रूंची नुसती भोकं होती. ताईची लेक ठकी, स्वतःच्या आईला फक्त फोटोत ओळखणारी, दोन्ही हातांत भरलेला पेला धरून बसली होती.

"यंत्र कुठे गेलं?"

"काढलं," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "घरच्याच माणसाला दारात अडवायचं, हे कुठे शिकलास रे?"

"आई, हे पोटात जातं. ठकी लहान आहे."

"लहान आहे म्हणूनच. तिला आई मिळाली कधी?"

"मामा," ठकी म्हणाली, "आजी म्हणते सावकाश पी. आतून गुदगुल्या होतात."

मी पेला तिच्या हातातून काढून घेतला आणि सिंककडे वळलो. पाठीमागे भाजी निवडण्याचा आवाज थांबला.

"ओत," आई शांतपणे म्हणाली. "घालव तिला परत बाहेर."

पेला तिरका झाला. खाली नळी, नळीपुढे नाला, नाल्यापुढे नदी, आणि त्या सगळ्याच्या शेवटी पुन्हा माझाच कागद, माझंच भिंग. ओतून टाकावं अशी जागाच कुठे उरलेली नव्हती. ठकी हात पुढे करून उभी होती.

"मामा, माझा आहे तो."

मी तो पेला स्वतः प्यायलो. पाण्याला कसलीच चव नव्हती. मग घशात, अगदी खोल, लोकरीसारखं काहीतरी मऊ हललं, आणि सावकाश कुशीवर वळलं.