शेजारची तार

वाळूने साखळीचं एक टोक विजेच्या लोखंडी मनोऱ्याच्या पायाला बांधलं. तेव्हा धर्माने विचारलं, "टेलिफोनची तार तोडायला कोन गेलाय?"

"तुझाच भाव, गणू. चढलाबी असल खांबावर."

बेत साधा होता. दुपारच्या मालगाडीची शिट्टी झाली की वाळूने विजेच्या मोठ्या तारेवर साखळी फेकून वीज बंद पाडायची. त्याच घटकेला टेकडीपलीकडे गणूने टेलिफोनची तार तोडायची, म्हणजे सरकारला खबर जाणार नाही. सन बेचाळीसमध्ये खर्डीच्या पोरांना याहून शहाणपणाचं काही सुचलं नव्हतं.

पण धर्माने चार वर्षं टेलिफोनच्या लायनीवर काढली होती. दोन्ही तारा सहा मैल एकमेकींच्या शेजारून जात. गेल्या वर्षी मोठ्या तारेवर झाड पडलं, टेलिफोनच्या तारेला पानही शिवलं नाही. तरी टेलिफोनवर बोलणाऱ्या बाबूचा कान भाजला होता.

"वाळूदादा, थांब! साखळी पडली की मोठ्या तारेतनं करंटाचा लोंढा जाल, नि शेजारच्या तारेतबी झटका उठल. गणू मरल!"

"तारा एकमेकींना शिवत्यात काय?"

"नाय, पन..."

"मंग? भ्यालास तू. जा, चुलीपाशी बस."

शिट्टी झाली. वाळूचा हात मागे गेला.

धर्माने कमरेला खोचलेली लोखंडी पकड उपसून त्याच्या कोपरावर घातली. हाड कडाडलं. वाळूने डाव्या हाताने साखळी फिरवली; ती धर्माच्या तोंडावर बसली नि दात निखळले. दोघं गडगडत भातखाचरात गेले. धर्मा त्या मोडक्या हातावर गुडघा रोवून बसला, वाळू गुरासारखा ओरडला, तरी धर्मा उठला नाही. गाडी निघून गेली. साखळी चिखलात रुतली होती.

थोड्या वेळाने गणू धावत आला. खांद्यावर तोडलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर मोठ्या तारा तशाच गुणगुणत होत्या.

"कोनी केला ह्यो घात?"

वाळूने डाव्या हाताने धर्माकडे बोट केलं.

"फितूर! सख्खा भाव माझा!" गणूने वेटोळ्याचा फटका मारला. सांगायला धर्माने तोंड उघडलं, तर नुसतं रक्त आलं.

गणूने पुन्हा हात उगारला. धर्मा त्या हाताकडे बघत राहिला. तळव्यावर भाजल्याची एक खूणसुद्धा नव्हती.