कमळाचं पद, दुसऱ्यांदा

मराठी माणसाला दोन गोष्टींवर मत नसेल तर त्याची प्रकृती तपासून घ्यावी: आमटीत गूळ किती घालावा, आणि संगीत नाटक पूर्वीसारखं राहिलं आहे का. 'संगीत कांचनवेल'चा भरल्या थिएटरातला प्रयोग चित्रित करून कंपनीने तो घरबसल्या बघायची सोय केली, तेव्हा 'कांचनवेल रसिक' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतांना नुसता ऊत आला. नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं की कॅमेरा इतका जवळ गेलाय की नायकाच्या दाढेत भरलेली चांदी दिसते. इंदूरच्या एका गृहस्थांनी चार बैठकांत, मटार सोलता सोलता नाटक पाहिलं आणि वर 'नाट्यगृहाचा माहोल मिळाला नाही' अशी तक्रार केली. कुणाला ऑर्गन मोठा वाटला, कुणाला तबला बारीक. ज्यांनी अजून पाहिलंच नव्हतं ते सर्वांत लांबलचक लिहीत होते.

त्यातलं वजनदार मत लखनौहून, इंदिरा नगरमधून यायचं. नरहरराव खांबेटे रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनिअर. उभी हयात पूल तपासण्यात गेली, त्यामुळे काहीही समोर आलं की आधी तडा कुठे आहे ते बघायचं, ही सवय हाडात मुरलेली. त्यांचं मत मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन असं उतरायचं आणि लोक त्याला जोडलेल्या हातांची चित्रं पाठवायचे. त्यांची बायको उल्का त्याच ग्रुपमध्ये होती. नरहररावांनीच तिला घातलं होतं. तिने तिथे आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं, पण वाचायची मात्र सगळं.

सगळा वाद येऊन ठेपला होता तो तिसऱ्या अंकातल्या एका जागेवर. नायिका तळ्याकाठी उभी राहून कमळाचं पद म्हणते. पद संपतं, टाळ्या पडतात, आणि टाळ्या विरत असताना प्रेक्षकांतून एक बाई खणखणीत आवाजात ओरडते, "वन्स मोअर!" पाठोपाठ एक दबका पुरुषी आवाज येतो, "खाली बस, लोक बघतायत." मग नायिका झालेली स्वरदा ते पद पुन्हा घेते, आणि दुसऱ्यांदा असं गाते की पहिलं गाणं निव्वळ तालीम वाटावी. कंपनीने हे सगळं कापून न टाकता तसंच ठेवलं होतं.

अर्धा ग्रुप म्हणत होता, नाटकाचा जीव तिथेच आहे. उरलेला अर्धा म्हणत होता, त्या बाईला शिस्त नाही. पोरासोरांनी 'खाली बस काका' नावाचा स्टिकर काढला होता. कुणी दोनदा तेच लिहिलं की तो चिकटवायचे. ती बाई कोण याचा पुण्यात, ठाण्यात, पार परदेशात शोध चालू होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं. ती बाई लखनौत गॅसपाशी उभी राहून निमोन्यासाठी, म्हणजे तिकडच्या मटारच्या आमटीसाठी, मटार वाटत होती आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून आपल्याबद्दलची मतं वाचत होती.

घडलं ते असं. मे महिन्यात ती दोघं पुतण्याच्या, समीरच्या, लग्नाला पुण्याला गेली होती. लग्नानंतर एक दिवस मोकळा होता, त्यात 'कांचनवेल'चा प्रयोग निघाला. पडदा वर जाण्याआधी सूचना झाली: आज चित्रीकरण आहे, मोबाइल बंद ठेवावेत आणि कृपया वन्समोअर देऊ नयेत. नरहररावांनी ही सूचना शेजारच्या दोघांना, मागितली नसताना, पुन्हा समजावून सांगितली.

उल्काचं माहेर इचलकरंजीचं. लहानपणी ती वडिलांबरोबर संगीत नाटकं बघायला जायची. वडील एरवी सूतगिरणीतल्या मुकादमासमोरही तोंड उघडायचे नाहीत, पण नाटकात पद रंगलं की ताडकन उभे राहून वन्समोअर द्यायचे, आणि गाणारा तेवढ्यासाठी परत विंगेतून बाहेर यायचा. छोट्या उल्काला ती जादूच वाटायची. एकदा तिनेही तोंड उघडलं तर आईने चिमटा काढला होता. बायका वन्समोअर देत नाहीत. बायका टाळ्या वाजवतात, त्याही बेताने.

पुढे लग्न झालं, रेल्वेच्या बदल्या झाल्या, लखनौ झालं. तिने कधी काही दुसऱ्यांदा मागितल्याचं कुणाला आठवत नाही, भाजीसुद्धा. त्या दिवशी मात्र कमळाचं पद संपलं आणि ते संपलंय हे तिला सहनच होईना. ती उभी राहिली कधी आणि ओरडली कधी, हे तिचं तिलाच कळलं नाही. नरहररावांनी पदर ओढला, म्हणाले ते म्हणाले, आणि ती मटकन खाली बसली. स्वरदाने पद पुन्हा घेतलं तेव्हा उल्का मांडीवरच्या पर्सच्या चेनकडे बघत होती. लाजेने तिची मान वर झालीच नाही. अख्खं पद तिने असं ऐकलं, आणि पाहिलं काहीच नाही.

आणि आता ग्रुपवर नागपूरच्या बाईंनी लिहिलं होतं: "पुन्हा सुरू करण्याआधी स्वरदा त्या बाईच्या दिशेने बघून हात जोडते, ते पाहिलंत का? डोळ्यांत पाणी आहे हो तिच्या. मी तेवढंच सात वेळा पाहिलं."

उल्काने तो मजकूर वाचला आणि मटार वाटायचं थांबवलं. आपल्याकडे बघून कुणी हात जोडले होते, आणि आपण पर्सची चेन बघत होतो. तिला ते बघायचं होतं. बाकी नाटक राहिलं तरी चाललं असतं.

पण नाटक होतं नरहररावांच्या लॅपटॉपवर. त्यांनी ते कानाला हेडफोन लावून एकट्याने तपासलं होतं. तिने विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, एवढ्याशा पडद्यावर काय बघतेस? रविवारी इथली आपली मराठी मंडळी सगळी येणारेत. हर्षवर्धनची मुलगी टीव्हीला जोडून देईल. तेव्हा नीट बघ."

शुक्रवारी त्यांचा मुद्दा क्रमांक सहा ग्रुपवर आला: "तिसऱ्या अंकातील वन्समोअर हा पूर्वनियोजित प्रकार असावा. स्पष्ट सूचना असताना कोणीही सुजाण प्रेक्षक असे करणार नाही. सदर स्त्री कंपनीने पेरलेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

उल्काने ते दोनदा वाचलं. शिस्त नाही म्हणणारे परके होते, त्यांचं तिला काही वाटलं नव्हतं. हा माणूस तिच्या शेजारच्या खुर्चीवर होता. त्याच्या हातात तिचा पदर होता. तिला राग आला, आणि एवढ्या वर्षांत न आलेला राग आला की तो ठेवायचा कुठे हे कळत नाही. ती बाहेरच्या खोलीत गेली.

"अहो, पेरलेली म्हणजे?"

नरहररावांनी चष्मा वर केला. "मग काय लिहू? माझी बायको आहे म्हणून लिहू? तीनशे माणसं आहेत ग्रुपवर. त्या स्टिकरवाल्या पोरांना आयतंच कोलीत मिळेल."

"मग काहीच लिहायचं नव्हतं."

"सगळे विचारत होते, खांबेट्यांचं मत काय म्हणून," ते म्हणाले, आणि हे त्यांना पुरेसं कारण वाटत होतं.

रविवारी दुपारी ऊन असं नव्हतंच. धुकं गच्चीपर्यंत उतरलेलं, हीटर लावलेला, आणि सगळ्यांच्या पायांवर एकच लांबरुंद रजई. लता वहिनी, नरहररावांच्या दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी, येताना चौकातून मक्खन मलाई, थंडीतला तो दुधाचा गोड फेस, घेऊन आल्या होत्या. हर्षवर्धन इथल्या मराठी मंडळींपैकीच, एका संशोधन संस्थेत वैज्ञानिक; तो बायकोला, स्नेहाला, आणि कॉलेजात जाणाऱ्या आर्याला घेऊन आला. आर्याचा जन्म लखनौचा. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायला तोंड उघडलं की बाहेर हिंदीच पडते. तिने एक तार इकडून काढून तिकडे लावली आणि भिंतीएवढ्या टीव्हीवर 'कांचनवेल'चा पडदा वर गेला. रिमोट नरहररावांनी आपल्या हातात घेतला.

पहिले दोन अंक छान गेले. म्हणजे सगळे बोलत होते. लता वहिनींना शालू पटला नाही. असला जरीकाठ अमीनाबादेत ढिगाने मिळतो, म्हणाल्या. हर्षवर्धनला राजा फार बारीक वाटला. स्नेहा म्हणाली, "यार, पण आवाज काय लागलाय!" आणि तेवढ्याने सगळ्यांचं एकमत झालं. उल्का कोथिंबीर वड्या आणत होती, चहा देत होती. तिसरा अंक सुरू झाला तेव्हा मात्र ती हात पुसून दारापाशीच्या खुर्चीवर येऊन बसली, आणि स्नेहाने चहा राहिलाय म्हटलं तरी उठली नाही.

कमळाचं पद सुरू झालं. लता वहिनींनी मक्खन मलाईचा चमचा तसाच हवेत धरला. पद संपलं, टाळ्या पडल्या, आणि त्या विरायच्या आत चित्र गपकन पुढे सरकलं. क्षणात राजवाड्याचा देखावा, दोन शिपाई, आणि विनोदी नट पोट धरून आलेला.

"अरे, यह क्या हुआ? दादाजी, आगे कर दिया आपने," आर्या म्हणाली.

"तिथे जरा रेकॉर्डिंग बिघडलंय," नरहरराव रिमोट रजईखाली सरकवत म्हणाले. "प्रेक्षकांचा गोंगाट आहे नुसता. पुढचा प्रवेश महत्त्वाचा आहे, तो बघा."

"अहो, पण तिथेच तर ते खाली बस काका आहेत ना?" हर्षवर्धन म्हणाला. "ग्रुपवर तेच चाललंय आठवडाभर. तुम्हीच तर मुद्दा सहामध्ये..."

"बघण्यासारखं नाही म्हणून तर लिहिलं ना मी! पेरलेली माणसं, काय बघायचंय त्यात?"

विनोदी नटाने पडद्यावर काहीतरी म्हटलं आणि पुण्याचे प्रेक्षक हसले. खोलीत कुणी हसलं नाही, कारण दारापाशीची खुर्ची मागे सरकली होती.

उल्का उभी होती. हातात फडकं होतं, अंगावर लखनवी शाल आणि पायात मोजे.

"वन्स मोअर!" ती म्हणाली.

मोठ्याने म्हणाली. तो आवाज भिंतीवर जाऊन परत आला. तिच्याकडून असा आवाज त्या घराने ऐकला नव्हता. लता वहिनींच्या चमच्यावरची मलाई रजईवर पडली. आणि नरहररावांनी, मान न वळवता, विचार न करता, ज्या स्वरात मे महिन्यात म्हटलं होतं त्याच दबक्या स्वरात म्हटलं, "खाली बस, लोक बघतायत."

पडद्यावर विनोदी नट एकटाच बोलत राहिला.

आर्याने आधी नरहररावांकडे पाहिलं, मग उल्काकडे, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "हे भगवान," ती म्हणाली. "खाली बस काका तो आप हैं! और वो... आजी, वो आप थीं?"

नरहररावांनी रजई गुडघ्यांवर आणखी वर ओढली. हर्षवर्धन हसू दाबायला रजईत तोंड घालून बसला, आणि लता वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, उल्का, तू? आणि हे पेरलेली म्हणाले?"

"बघू देत की लोकांना," उल्का नवऱ्याला म्हणाली. आवाज आता नेहमीचाच होता. "आर्या, बेटा, मागे घे. पदाच्या शेवटाला."

आर्याने रजईत हात घालून रिमोट काढून घेतला. नरहररावांनी तो धरून ठेवला नाही.

चित्र मागे पळालं, शिपाई उलटे चालत गेले, कमळाचं तळं परत आलं. टाळ्या पडल्या. टीव्हीतून उल्काचा आवाज आला, जरा लांबून, पण तोच. लगेच टीव्हीतल्या नरहररावांनी तिला खाली बसायला सांगितलं. या वेळी ती बसली नाही.

स्वरदा थांबली होती. ऑर्गनवाल्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याला मानेने थांब म्हटलं. मग ती रंगमंचाच्या डाव्या कडेला दोन पावलं आली, अंधारात जिथून आवाज आला होता तिथे डोळे लावले, आणि कुणीतरी वर बघेल म्हणून वाट बघितली. बराच वेळ बघितली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. कुणी वर बघितलं नाही, तशी तिने हात जोडले.

इंदिरा नगरच्या त्या खोलीत उल्काने फडकं खांद्यावर टाकलं आणि हात जोडले.

पद पुन्हा सुरू झालं. ती शेवटपर्यंत उभ्यानेच ऐकत राहिली.