जळवांचं पाणी कुणी चाखलं नव्हतं

मी एक जळू. तोंड वाकडं करू नका. जालन्यातली मोठमोठी माणसं मला बघून तोंड वाकडं करत, आणि गुडघा सुजला की मलाच बोलावणं धाडत.

माझा जन्म मोती तलावाच्या काठच्या ओल्या चिखलात झाला. गावात निजामाचं राज्य होतं, तलावात फक्त पाण्याचं. त्या पाण्याचं मला लहानपणापासून एक कोडं पडलेलं. मी पाणी पीत नसे, तरी ते अंगात येई. तोंडाने नव्हे, कातडीतून, चहूबाजूंनी, हळूहळू. मला ते सारखं बाहेर टाकत राहावं लागे. न विचारता हे आत येतंच कसं? कातडीला दार कुठे आहे? म्हाताऱ्या जळवांना विचारलं तर म्हणत, "येतं म्हणून येतं. गप पड." वडीलधाऱ्यांचं हे असंच. उत्तर आलं नाही की ते विचारणारीला गप करतात.

एका सकाळी पाण्यात दोन पाय येऊन उभे राहिले, अगदी निश्चल. भूक लागलेलीच होती, मी जाऊन चिकटले. ते पाय झुंबरबाईचे होते. जळवा पकडायच्या, मडक्यात पाळायच्या आणि लोकांच्या सुजेवर, गळवावर लावायच्या, हा तिचा धंदा. तिने मला अलगद सोडवलं आणि म्हणाली, "आलीस का बाई? चल घरी." जशी मी तिची भाचीच.

झुंबरबाई तापट, पण हाताची हळवी. पोट भरलेली जळू ओकावी म्हणून बाकीचे लोक तिच्यावर मीठ टाकत. झुंबरबाई हळद लावी. "मीठ टाकणारे कसाई हैत. माझ्या मडक्याच्या आसपास मिठाचा खडा दिसणार न्हाई," हे ती गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगे. हे वाक्य लक्षात ठेवा.

दोन वर्षं सुखात गेली. मग वैशाखात तिच्या मुलाचं, पुंजारामचं लग्न निघालं. लग्नाच्या गडबडीत कुणा वऱ्हाड्याचा पाय लागून आमचं मडकं फुटलं. गावातल्या कादराबाद पेठेतल्या किराणावाल्या बद्रीनारायण शेठजींनी मोठ्या मनाने आपल्या दुकानामागे पडलेलं एक जाडजूड मडकं दिलं. झुंबरबाईने ते तीनदा धुतलं, उन्हात वाळवलं आणि आम्हा चाळीस जणींना त्यात सोडलं. त्याच आठवड्यात शहागडची चतुराबाई सून म्हणून घरात आली.

त्या मडक्यात पहिल्या दिवसापासून काहीतरी उलटं होतं. अंगात येणारं पाणी यायचं थांबलं. मग ते अंगातून बाहेर जायला लागलं. कातडी तीच, मी तीच, मग वाट उलटी कशी झाली? झुंबरबाई पाणी बदले तेव्हा तासभर बरं वाटे, मग पुन्हा आतून पिळवटणं सुरू. मी सुरकुतले. पाचव्या दिवशी एक जळू मेली. महिनाभरात आम्ही अकरा उरलो. उन्हाळ्यात तलाव आटलेला, नव्या जळवा मिळायच्या नव्हत्या.

झुंबरबाईने दोषी शोधला. मडक्यात नव्हे, उंबऱ्यात.

"चाळीस होत्या. ही आली अन् मरण घिऊन आली. पांढऱ्या पायाची!"

"आत्याबाई, मी मडक्याला हात बी लावला न्हाई," चतुराबाई म्हणाली.

"हात कशाला लागतोय? पाय लागला न घराला!"

पुंजाराम भिंतीकडे बघत बसला. गुरुवारी त्याने बायकोला शहागडला नेऊन सोडायचं ठरलं. परत कधी आणायचं, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

बुधवारी बद्रीनारायण शेठजींचा गुडघा सुजला. झुंबरबाई मडकं घेऊन निघाली. सुनेला घरी एकटी ठेवायला नको म्हणून हळदीची पुडी आणि फडकी तिच्या हाती दिली. शेठजींची पुतणी तारादेवी हैदराबादच्या कॉलेजातून सुटीला आली होती. ती पुढ्यात येऊन बसली.

"तारा, आत जा. पोरींनी हे बघू नये," शेठजी म्हणाले.

"काकोसा, गुडघा तुमचा आहे. डोळे माझे आहेत."

मला गुडघ्यावर ठेवलं. माझ्यात चावायचीही ताकद नव्हती. मी घसरून खाली पडले.

"बघा शेठजी! हिचा पायगुण!" झुंबरबाईने सुनेकडे बोट केलं. चतुराबाई मान खाली घालून फडक्यांच्या घड्या घालू लागली.

तारादेवीचं लक्ष मात्र मडक्याकडे होतं. बाहेरून त्यावर पिठासारखी पांढरी खरपुडी धरली होती. तिने नखाने खरवडलं. "काकोसा, हे आपल्याच दुकानातलं ना? यात काय असायचं?"

"मीठ. दहा-बारा वर्षं. पण आता बिलकुल साफ आहे."

"मला मीठ शिकवता का?" झुंबरबाई उसळली. "तीन खेपा धुतलं मी!"

तारादेवीने बोट मडक्यात बुडवलं आणि सरळ जिभेवर ठेवलं.

"राम राम! अगं, जळवांचं पाणी!" शेठजी गुडघा विसरून अर्धे उठले.

"खारट आहे," ती शांतपणे म्हणाली. "मडकं पाझरतं म्हणून तर पाणी गार होतं. तसंच मीठही इतकी वर्षं त्याच्या भिंतीत मुरलंय. वरून धुऊन काय होणार? प्रत्येक नव्या पाण्यात ते आतून उतरतंय."

झुंबरबाई गडबडली, पण हटली नाही. "असंल. पण अंगावर खडा पडला न्हाई, जळवांनी मीठ खाल्लं थोडंच? मंग मेल्या कशानं?"

तारादेवी उत्तर जुळवत होती, तेवढ्यात चतुराबाई हळूच बोलली. "आत्याबाई, काकडीच्या फोडीला मीठ लावलं की पाणी सुटतं न. काकडी कुठं मीठ खाती? वरच्या मिठानंच तिच्यातलं पाणी भायेर येतं."

तारादेवी मोठ्याने हसली. "हे शिकायला मला कॉलेजात जावं लागलं! आपलं अंग असंख्य बारीक पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीला पातळ पडदा. त्यातून पाणी सहज जातं-येतं, मीठ तसं जात नाही. आणि ज्या बाजूला मीठ जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं."

मी फरशीवर अर्धमेली पडले होते, पण हे ऐकून टवटवीत झाले. म्हणजे तलावापेक्षा मीच खारट होते, म्हणून पाणी माझ्यात येत होतं! आणि हे मडकं माझ्याहून खारट, म्हणून ते उलटं बाहेर जात होतं. कातडीला एक दार नव्हतंच. कातडीभर दारंच दारं होती, फक्त पाण्यासाठी उघडी. एवढं सांगायला म्हाताऱ्या जळवांचं काय जात होतं?

झुंबरबाई मडक्याशी वाकली. मग तिने आपलं बोट बुडवलं आणि चाखलं. पुन्हा एकदा चाखलं. जिच्या मडक्याच्या आसपास मिठाचा खडा दिसत नव्हता, तिने आम्हाला महिनाभर मिठातच ठेवलं होतं. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. माझ्याइतकाच सुरकुतला होता.

माफी तिने मागितली नाही. सासवा मागत नाहीत. तिने तारादेवीकडून साध्या पाण्याचा तांब्या मागून घेतला, आम्हा अकराही जणींना एकेक करून त्यात सोडलं आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "चतुरे, उद्या कुंभाराकडं जाय. नवं मडकं आण. तुला बराबर वाटंल ते."

गुरुवारी पुंजारामने गाडी जुंपली. ती शहागडला गेली नाही. कुंभारवाड्यात गेली.

आमच्यातल्या दोघी वाचल्या नाहीत. नऊ जणी फुगलो, सावरलो. आता मी म्हातारी झालेय आणि लहान जळवांच्या प्रश्नांना उत्तरं देते. झुंबरबाई पाणी बदलताना आजही आधी मडक्यातल्या जुन्या पाण्यात बोट बुडवते, चाखते, मगच नवं ओतते. असं का करते, ते कुणाला सांगत नाही. चतुराबाई तेव्हा चुलीकडे तोंड करून हसते.

तुम्हाला एवढंच विनवते. घरात काही मेलं, काही नासलं, तर नव्या मुलीच्या पायांकडे बघू नका. आधी बोट बुडवा आणि चाखा. किळस येईल, सोसा. मी नाही का तुमचे गुडघे सोसत?