बारा विरोधी मतं आणि एक ट्रे बनित्सा

मी मतपेटी बोलतेय. दचकू नका, सरकारं पाडणारी नव्हे. बल्गेरियातल्या एका विद्यापीठात, बांधकामशास्त्राच्या विभागात, डीनच्या खोलीतल्या कपाटात माझा मुक्काम असतो. अंग अक्रोडाच्या लाकडाचं, वर एक फट, पुढे कुलूप. चाळीस वर्षांपूर्वी इथल्याच एका सुताराने मला मन लावून घडवलं. पुढे मला कोणाकोणाची तोंडं बघावी लागणार, हे त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हतं.

इथे कोणाला बढती द्यायची असली की प्राध्यापकांची सभा भरते आणि गुप्त मतदान होतं. उमेदवाराच्या कामाचे गुण आधीच मांडलेले असतात. लेखाला इतके, पुस्तकाला इतके, परिषदेत जाऊन डुलक्या काढल्या तरी इतके. विद्यार्थ्यांना काही नीट शिकवलं, तर त्याला शून्य. आणि सभा चालू असताना उमेदवाराने शेजारच्या खोलीत खाण्यापिण्याचं टेबल मांडून थांबायचं, ही रीत. एखाद्याच्या विरोधात मत टाकून लगेच त्याच्याच हातचं खाताना यांच्यातल्या एकालाही ठसका लागलेला मी पाहिला नाही.

झोर्नित्सा वेल्चेवा एकोणीस वर्षं इथे सहायक होती. पुलांचं गणित शिकवायची. तिच्या तासाला पोरं खिडक्यांच्या कट्ट्यावर बसायची. या खेपेला तिला वरची पायरी मिळाली नाही, तर तिची जागाच बंद होणार होती. हे सभेतल्या एकवीसही जणांना माहीत होतं. गुण तिचे हवे त्याहून जास्त, समोर दुसरा उमेदवार नाही. काम अगदी सरळ होतं. पण सरळ काम सरळ होऊ दिलं, तर ही मंडळी विद्वान कसली!

सभेच्या दिवशी सकाळी डीन गान्चेव यांनी मितेव नावाच्या प्राध्यापकाला माझ्या कपाटापाशी गाठलं.

"मितेव, एकवीसच्या एकवीस मतं पडली तर बरं दिसत नाही हो. राजधानीतले म्हणतील, यांचं आधीच ठरलं होतं. एखादं मत विरोधात हवं. म्हणजे कसं, खरं वाटतं."

"टाकेल की कोणीतरी."

"टाकेल हो. पण कोणीच नाही टाकलं तर? फक्त तुम्हालाच सांगतोय."

हे 'फक्त तुम्हालाच' मग दुपारपर्यंत आणखी चौदा जणांना सांगून झालं. मला तेव्हाच घाम फुटायला हवा होता, पण लाकडाला कुठला घाम!

दुपारी एकेक जण आला आणि माझ्या फटीत चिठ्ठीची घडी टाकून गेला. फटीपाशी आलेला हात मी ओळखते. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर विभागाची अब्रू एकट्याने राखल्याचं समाधान होतं. मितेवचं तेवढं निराळं. झोर्नित्साने आपल्या लेखावर त्याचं नाव घातलं नव्हतं. तो तसाही विरोधातच जाणार होता.

पेन्कामावशी इथल्या जुन्या कारकून. त्यांनी मला उघडलं, मतं मोजली आणि चष्मा पुसून वाचलं, "बाजूने नऊ. विरोधात बारा."

"परत मोजा!" डीन ओरडले.

"तीनदा मोजली, साहेब. चौथ्यांदा मोजून काय पिल्लं होणारेत त्यांना?"

फेरमतदान नियमात बसत नाही. मला काखोटीला मारून पेन्कामावशी सगळ्यांच्या मागून शेजारच्या खोलीत गेल्या. झोर्नित्सा पहाटे उठून केलेली बनित्सा, म्हणजे चीज भरून भाजलेली इथली पापुद्रेदार पोळी, कापत उभी होती. डीननी तिला निकाल सांगितला. तिने सुरी खाली ठेवली. मला तिची फार दया आली आणि माझी स्वतःची लाज वाटली.

मग मंडळी रांगेने तिच्या कानाशी लागली.

"माझं तुलाच होतं गं."

"काय हे लोक! मी तर डोळे मिटून तुला दिलं."

"शपथेवर सांगतो, बाई."

मितेवने तर छातीवर हात ठेवला.

झोर्नित्साने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग ट्रे उचलून म्हणाली, "बनित्सा थंड होतेय. मला मत दिलेल्या नऊ जणांनी एकेक तुकडा घ्या."

एकवीस हात पुढे आले.

ती तशीच ट्रे घेऊन बाहेर गेली. जिन्यात तिचे विद्यार्थी निकालाची वाट पाहत होते. सगळी बनित्सा तिने त्यांना वाटून टाकली आणि मग पायरीवर बसून रडली. मला घेऊन मागोमाग आलेल्या पेन्कामावशींनी मला खाली ठेवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

शरद ऋतूत तिची जागा बंद झाली. आता पुलांचं गणित मितेव शिकवतो, तिच्याच वह्यांवरून वाचून. खिडक्यांचे कट्टे सोडा, बाकंसुद्धा रिकामी असतात. त्याच्या कामाचे गुण मात्र वाढलेत.

मी अजून कपाटात आहे. पुढच्या गुरुवारी पुन्हा एकाचं नशीब माझ्या पोटात पडणार आहे. तुमच्याही कचेरीत माझी एखादी बहीण असेल. तिच्यात घडी टाकण्याआधी, ज्याच्याबद्दल ती घडी आहे त्याच्या डोळ्यांत एकदा बघा, एवढीच विनंती. मला तोंड दिलंय ते फक्त गिळायला. नाहीतर त्याच दिवशी मी झोर्नित्साला बाराही नावं सांगितली असती, आणि सुरुवात डीनपासून केली असती.